चाकांवरचं घर वेरूळला येतंय, पण त्याचं पाणी, वीज आणि घाण कुणाच्या दारात?

खुलताबाद : मुंबईकडून समृद्धी महामार्गाने आलेली गाडी माळीवाड्याला खाली उतरली, की दौलताबादचा किल्ला समोर दिसतो. तिथून वेरूळ अर्ध्या-पाऊण तासावर. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवार-रविवार देवगिरी, वेरूळ, खुलताबाद आणि छत्रपती संभाजीनगर शहर बघायचं आणि रविवारी रात्री परत, अशी छोटी सहल शहरातल्या लोकांना आता सोपी झाली आहे. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तर जास्तच.

या सहलींमध्ये नवीन प्रकार आला आहे तो कॅम्पर व्हॅनचा. म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला गादी, छोटा गॅस, पाण्याची टाकी, संडास, सगळं गाडीतच. अशा माणसाला लॉजची खोली लागत नाही. मग त्याला लागतं काय? रात्री गाडी उभी करायला सपाट, सुरक्षित जागा, टाकीत भरायला पाणी, एसी चालवायला विजेचा पॉईंट आणि सकाळी घाण रिकामी करायला ठिकाण.

या चारही गोष्टी शेवटी कुठल्या तरी गावातच मिळणार आहेत. त्या ठरवून, दर लावून दिल्या तर गावाला चार पैसे मिळतील. नाही दिल्या तरी गाडी येणारच आहे. फक्त मग ती ओढ्याच्या काठावर उभी राहील आणि सकाळी टाकी तिथंच रिकामी करून निघून जाईल. म्हणून खुलताबाद, कन्नड, गंगापूर, सोयगाव या तालुक्यांतल्या रस्त्याकडेच्या गावांनी हा विषय आत्ताच समजून घेण्यासारखा आहे.

प्रकार जुनाच, नाव नवं

कॅम्पर व्हॅन ऐकायला परदेशी वाटतं, पण गाडीत संसार घालून फिरणं आपल्याला नवीन नाही. आषाढीला दिंडीबरोबर जाणारा ट्रक किंवा टेम्पो आठवा. त्यात तंबू असतो, गॅस शेगडी असते, पिठाचे डबे, पातेली, पाण्याचे ड्रम असतात. मागे पाण्याचा टँकर असतो. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा वाटेवरच्या गावांना माहीत असतं, की दिंडी कुठल्या मैदानात उतरणार, पाणी कुठल्या विहिरीचं, चूल कुठं पेटणार. अलीकडे वारीच्या वाटेवर फिरती शौचालयंही उभी करतात, कारण लाखभर माणसं उघड्यावर बसली तर गावाची काय अवस्था होते हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

व्हॅनमधून येणारा पाहुणाही तसाच मुक्कामी आहे. फरक एवढाच, की वारकऱ्याला आपण सेवा म्हणून देतो, आणि हा पाहुणा पैसे मोजायला तयार आहे. पण सोय केली नाही तर दोघांमुळेही गावाला होणारा त्रास सारखाच.

दोन दिवसांत काय बघून होतं

ही सहल नेमकी कशी होते हे कळलं, तर गाव कुठं उपयोगी पडू शकतं तेही कळेल.

पहिला दिवस बहुतेक वेरूळचा. इथं ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मानलं जातं. डोंगर वरून खाली कोरत आणून एका दगडात अख्खं मंदिर उभं केलं आहे. अजिंठा आणि वेरूळ दोन्ही लेण्या १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. बाहेरून येणारे अनेक जण हे न बघता येतात आणि दारातून परत फिरतात. लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वराचं मंदिर. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. भोसले घराण्यातल्या मालोजीराजांचं हेच वेरूळ.

संध्याकाळी खुलताबाद. भद्रा मारुती, औरंगजेबाची साधी कबर, सुफी संतांचे दर्गे. थंड हवा हवी असेल तर वर म्हैसमाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगिरीचा किल्ला आणि मग शहर. किल्ला यादवांचा. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथं चालून आला. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथं हलवली आणि नाव दौलताबाद झालं. शहरात बिबी का मकबरा, पाणचक्की आणि जुने दरवाजे.

खरी अडचण शहरातच येते. व्हॅन उंच आणि लांब असते. पाणचक्कीजवळचा महेमूद दरवाजा किंवा मकाई दरवाजा हे काही अशा गाड्यांसाठी बांधलेले नाहीत. दौलताबादलाही रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटातल्या दरवाजातून जातो आणि सुट्टीच्या दिवशी तिथं वाहनांची रांग लागते. पुढे खुलताबादचा घाट. म्हणजे शहाण्या माणसाने मोठी गाडी बाहेर कुठं तरी लावावी आणि शहर रिक्षाने किंवा भाड्याच्या जीपने बघावं. मुक्काम शहरात नको, शहराबाहेर हवा. शहराबाहेर म्हणजे माळीवाडा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कसाबखेडा या पट्ट्यात. विषय गावाचा होतो तो असा.

पैसा येतो, पण गावात उतरतो का?

आजवर या जगप्रसिद्ध ठिकाणांचा गावाला किती फायदा झाला, हे वेगळं सांगायला नको. लेण्यांच्या तिकिटाचा पैसा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे जातो. खोलीचं भाडं शहरातल्या हॉटेलात. डिझेल महामार्गावरच्या पंपावर. टॅक्सी बहुतेक शहरातून येते. गावात उतरतो तो चहा, पाणी बाटली, माळा-मूर्ती आणि फळांचा पैसा. दौलताबादच्या रस्त्याकडेला पाटीत सीताफळ आणि पेरू घेऊन बसणाऱ्या बायका दिसतात. आलेल्या पाहुण्याकडून थेट गावाच्या हातात पैसा पडतो तो जास्त करून तिथंच, आणि तोही हंगामापुरता.

अजिंठ्याचं उदाहरण यात शिकण्यासारखं आहे. तिथं खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉईंटला गाडी लावायची आणि पुढचे सुमारे ४ किलोमीटर बसने जायचं. लेण्यांजवळचा धूर आणि गर्दी कमी व्हावी हा त्यामागचा हेतू. पण त्यातून आणखी एक गोष्ट झाली. गाडी जिथं थांबते तिथं दुकानं उभी राहिली. पर्यटक बघतो लेणी, पण खर्च करतो गाडी थांबते तिथं.

कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. साधी कार दोन तास थांबते. व्हॅन रात्रभर थांबते. रात्रभर थांबणारा माणूस संध्याकाळचं जेवण, सकाळचं दूध, भाजी, अंडी, नाश्ता घेतो. लेकरं बरोबर असतील तर गोठा बघतो, शेतात फेरी मारतो. लॉजवाल्याचा पैसा त्याने वाचवलेला असतो. त्यातला थोडा तरी गावात राहील का, हा खरा प्रश्न आहे.

आधी पाणी, मग बाकीचं

चार गरजांपैकी सगळ्यात अवघड पाणी. व्हॅनची टाकी साधारण शंभर-दीडशे लिटरची असते. ऐकायला फार नाही. पण जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. म्हणजे एका व्हॅनची टाकी भरली, की गावातल्या दोन-तीन माणसांचं दिवसाचं पाणी गेलं. डिसेंबरमध्ये हे चालून जाईल. एप्रिल-मे मध्ये, नेमकी शाळांना सुट्टी लागून शहरातले लोक फिरायला निघतात तेव्हा, आपल्याकडे टँकरची वाट बघणारी गावं असतात. त्या वेळी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या समोर एखाद्याने व्हॅनमध्ये पाईप सोडला तर भांडण होणारच, आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही.

या भागाचा इतिहासही पाण्याचाच आहे. तुघलकाची राजधानी दौलताबादला टिकली नाही, त्याच्या कारणांत पाणीटंचाईही सांगितली जाते. किल्ल्यावर गेलेल्यांनी हत्ती हौद पाहिला असेल. एवढा मोठा हौद का बांधला असेल हे उन्हाळ्यात वर चढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. नंतर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याने आधी पाण्याचा विचार केला. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच.

पाणचक्कीचं तर बघायलाच हवं. पर्यटक तिथं हौदापाशी उभे राहून फोटो काढतात. पण ती चक्की चालायची कशासाठी? डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून, उंचावरून पाडून जातं फिरवायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना, फकिरांना पीठ मिळायचं. म्हणजे बाहेरून आलेल्या मुक्कामी माणसाच्या पाण्याची आणि पिठाची सोय अठराव्या शतकात या शहराने लावून ठेवली होती. आज तेच शहर सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणच्या जायकवाडीतून पाणी ओढतं, आणि तरी नळाला रोज पाणी येत नाही. मग बाहेरच्या गाड्यांना पाणी शहर देईल, ही आशा गावांनी धरू नये. ते ओझं गावांवरच येणार.

याचा अर्थ गाड्यांना नाही म्हणायचं असा नाही. गाव पाणी देऊ शकतं, पण नळ योजनेचं पिण्याचं पाणी नाही. स्वतःच्या विहिरीचं, बोअरचं, मोजून, पैसे घेऊन. आणि मार्चनंतर विहीर खाली गेली तर बंद, हे पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून.

घाणीचं काय?

वीज आणि जागेबद्दल सगळे बोलतात, घाणीबद्दल कुणी बोलत नाही. व्हॅनमध्ये दोन प्रकारचं सांडपाणी असतं. एक भांडी-अंघोळीचं. ते शोषखड्ड्यात सोडता येतं. दुसरं संडासाच्या डब्यातलं. त्या डब्यात वास येऊ नये म्हणून बरेच जण औषध टाकतात. ते रासायनिक असेल तर मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. म्हणून असा डबा गोबरगॅसमध्ये कधीच रिकामा करू देऊ नये, गॅस बंद पडेल. सेप्टिक टँकमध्येही अशी बरीच घाण गेली तर टँकचं काम बिघडतं. आणि ओढ्यात, चारीत सोडली तर खालच्या विहिरी गेल्या.

ज्याला गाड्या थांबवायच्या असतील त्याने वेगळा पक्का टँक बांधावा, विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला, आणि भरला की उपसायची सोय आधी बघावी. यासाठी पाहुण्याकडून वेगळे पैसे घ्यायला लाजायचं कारण नाही. ही सोय त्याला सगळ्यात कमी ठिकाणी मिळते.

सरकारचं धोरण आहे, गावापर्यंत पोचलं नाही

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडी आणि गाडी थांबायची जागा, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, या दोन्हींचा विचार आहे. जिथं हॉटेलं नाहीत अशा ठिकाणी पर्यटकाला मुक्काम करता यावा हा त्याचा हेतू. त्याच वर्षी केरळनेही असंच धोरण जाहीर केलं आणि २०२२ मध्ये वागमोणला तिथलं पहिलं पार्क सुरू झालं.

त्याच्या आधी, २०२० मध्ये आपल्या राज्याने कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात किमान १ एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. म्हणजे मोठा बागायतदारच पाहिजे असं नाही. रस्त्याला लागून एक-दोन एकर असलेला शेतकरीही यात बसतो.

पण कागद आणि गाव यांच्यात अंतर आहे. तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत जाऊन कॅराव्हॅन पार्कसाठी काय कागद लागतात असं विचारलं, तर लगेच उत्तर मिळेल अशी स्थिती नाही. त्यामुळे दोन प्रकारची माणसं पुढे होतात. एक, ज्यांना मुंबई-पुण्यातून सगळे कागद करून आणता येतात. दुसरे, जे कागद न करता सुरू करतात आणि मग नोटीस आली की बंद करतात. मधला साधा शेतकरी बघत बसतो.

हिशोब मांडून बघू

आता पैशाचं. खालचे आकडे कुठल्या सर्व्हेचे नाहीत, अंदाजाने धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या ठिकाणचे आकडे घालून बघावेत.

समजा, एका शेतकऱ्याने रस्त्याकडेच्या ४-५ गुंठ्यांत गाड्यांची जागा केली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे २० शनिवार-रविवार धरू. दर रात्री सरासरी २ गाड्या आल्या. ४० रात्री गुणिले २, म्हणजे ८० मुक्काम. एका मुक्कामाला जागा, पाणी, वीज मिळून ५०० रुपये घेतले तर झाले ४० हजार.

खर्च किती? मुरूम टाकून सपाटी, कुंपण, पाण्याचा नळ, वेगळं मीटर, पॉईंट, मैल्याचा टँक, एक बाथरूम, दिवा. दीड लाख धरला तर नुसत्या जागेच्या भाड्यात तो निघायला चार हंगाम जवळ येतात. त्यात वीजबिल आणि राखण आलीच. म्हणजे नुसत्या पार्किंगवर हा धंदा उभा राहत नाही.

आता जेवण धरू. एका गाडीत ४ माणसं. ८० गाड्या म्हणजे ३२० जेवणं. पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, ताक असं २०० रुपये ताट धरलं तर ६४ हजार. त्यातला किराणा, गॅस, मजुरी वजा करा, पण उरतो तो घरात राहतो. वर सीताफळ, पेरू, दूध, हरभऱ्याचा हुरडा, शेंगा, मध. घरातल्या बाईला किंवा गावातल्या बचत गटाला हाताला काम लागतं ते इथं.

या हिशोबातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, पैसा ताटात आहे, जागेत नाही. दुसरी, हा जोडधंदा आहे. कर्ज काढून, सोनं गहाण टाकून करायचा हा धंदा नाही. दोन गाड्यांची सोय करून सुरुवात करावी, एक हंगाम बघावा, मग पुढचं.

कुठं फसायला होतं

वीज. शेतीपंपाच्या जोडावर व्हॅनचा एसी चालवला तर तो विजेचा मंजूर कारणाशिवाय वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीची लाईन ८ तासांची, तीही कधी दिवसा कधी रात्री. म्हणून वेगळं मीटर घेतल्याशिवाय पॉईंट देऊ नये.

जमीन. शेतजमिनीचा दुसऱ्या कामासाठी वापर करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले बिनशेतीचे नियम लागतात. कृषी पर्यटनाची नोंदणी करताना हे तहसीलमधून लेखी विचारून घ्यावं. तोंडी उत्तरावर काम सुरू करू नये.

गाडी. काही तरुण मुलं जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात पलंग-शेगडी बसवून भाड्याने द्यायचा विचार करतात. विचार वाईट नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाने मोठे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता नसलेल्या गाडीला अपघात झाला, किंवा आतल्या गॅसने पेट घेतला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. गॅरेजवाल्याने होतंय म्हटलं एवढ्यावर पैसे घालू नयेत. आधी आरटीओत विचारावं.

आणि सगळ्यात मोठा धोका, जमीन विकणं. महामार्ग आला की रस्त्याकडेच्या जमिनीला भाव येतो. एजंट येतात, पर्यटन येणार आहे म्हणून सांगतात आणि तेच सांगून जमीन मागतात. पर्यटन येणार असेल तर जमीन मालकाकडे राहिलेली बरी, हे साधं आहे. ज्याने विकली त्याच्याच पोराला मग त्याच जागेवर वॉचमनची नोकरी करावी लागते, असं अनेक ठिकाणी झालं आहे. अगदीच जमत नसेल तर विकण्यापेक्षा भाडेकराराचा विचार करावा. करार नोंदवलेला असावा आणि मुदत कमी ठेवावी.

ग्रामपंचायत काय करू शकते

हे सगळं एकेकट्या शेतकऱ्यावर सोडलं तर आज एकाने ५०० घेतले, उद्या शेजारी ३०० घेणार, परवा तिसरा फुकट जागा देऊन जेवणात कमवणार. घाण मात्र सगळ्यांच्या ओढ्यात. म्हणून यात ग्रामपंचायतीने पडायला हवं.

अधिकार आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला कर आणि फी बसवता येते. त्यात यात्राकर आहे, बाजाराची फी आहे, गाडीतळाची फीसुद्धा आहे. कायदा झाला तेव्हा बैलगाड्या आणि टांगे डोळ्यांसमोर होते. आज गाड्या बदलल्या, पण बाहेरून आलेली गाडी गावात थांबली तर गावाने तिची सोय करावी आणि फी घ्यावी हा विचार तोच आहे. आजच्या गाड्यांना कोणती फी कशी लावता येईल हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं म्हणजे पुढे वाद नको.

गावाची गायरान किंवा मोकळी जागा यासाठी लगेच वापरायला काढू नये. गुरांची चराई आणि गावाची गरज आधी. पण यात्रेचं मैदान बऱ्याच गावांत असतं आणि ते वर्षातले दोन-चार दिवस सोडले तर मोकळंच पडलेलं असतं. महाशिवरात्र आणि श्रावणात वेरूळला, हनुमान जयंतीला खुलताबादला भाविकांची गर्दी असते तेव्हा ते भाविकांना, एरवी मुक्कामी गाड्यांना, असा विचार होऊ शकतो. तिथं बांधलेलं शौचालय आणि पाण्याची सोय यात्रेकरूंनाही उपयोगी पडेल, आणि गावातल्या बायकांनाही. पाहुण्यासाठी केलेली सोय गावाला वापरता आली पाहिजे, नाहीतर तिचं कुलूप उघडायला माणूस सापडत नाही हे आपण अनेक सरकारी इमारतींत बघतो.

येत्या ग्रामसभेत पाच गोष्टी ठरवता येतील. बाहेरच्या गाड्यांना मुक्कामाला कुठं थांबू द्यायचं आणि कुठं नाही. पाणी कुठल्या विहिरीचं द्यायचं आणि कुठल्या महिन्यात बंद करायचं. मैला कुठं रिकामा करायचा आणि ओढ्यात टाकला तर दंड किती. सगळ्यांनी मिळून कमीत कमी दर किती ठेवायचा. आणि जेवण, फळं, दूध विकण्याचं काम कुठल्या बचत गटांना पाळीने द्यायचं. या पाच गोष्टींची पाटी रस्त्यावर लावली, तर येणाऱ्या पाहुण्यालाही बरं. त्यालाही रात्री अनोळखी ठिकाणी बायका-पोरं घेऊन कुठं उभं राहावं हे कळत नसतं. पाटी बघून तो बिनघोर थांबेल.

गाड्या किती येतील हे आज कुणी सांगू शकत नाही. कदाचित फार येणार नाहीत. पण नियम करायला खर्च काही नाही. घाण होऊन, दोन भांडणं होऊन मग नियम करण्यापेक्षा आधी केलेले बरे. ज्या गावांना हा विषय घ्यायचा आहे त्यांनी ग्रामसभेच्या आधीच ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. ऐन वेळी मांडलेला विषय बहुतेक वेळा पुढच्या सभेवर ढकलला जातो आणि तोवर हंगाम निघून जातो.